मोठी मालमत्ता विकल्यावर भागधारकाच्या हाती काय येते?

एखादी कंपनी आपला मोठा विभाग किंवा दुसऱ्या कंपनीतील हिस्सा विकते, तेव्हा सगळी चर्चा किमतीभोवती फिरते. पुस्तकी किमतीच्या किती पट रक्कम आली, हे अभिमानाने सांगितले जाते. माझ्या मते भागधारकाने त्या आकड्यापाशी फार वेळ थांबू नये. पुस्तकी किंमत म्हणजे मूळ खर्चातून घसारा (वापरामुळे दरवर्षी कमी धरले जाणारे मूल्य) वजा जाता कागदावर उरलेली रक्कम. तिच्याहून अधिक पैसे आले एवढ्यावरून व्यवहार फायद्याचा ठरत नाही. कर आणि व्यवहाराचा खर्च भागवून जी रक्कम उरते, ती त्या मालमत्तेने पुढील काळात मिळवून दिली असती अशा रोकडीच्या आजच्या मूल्यापेक्षा जास्त आहे का, हे पाहायला हवे. मुख्यालय विकून तेच भाड्याने घेणाऱ्या कंपनीच्या बाबतीत हा फरक ठळक दिसतो, कारण नफा एकाच वर्षी दिसतो आणि भाडे मात्र दरवर्षी द्यावे लागते.

नोकियाने आपला मोबाइल हँडसेटचा व्यवसाय २०१४ मध्ये सुमारे ५.४ अब्ज युरोंना मायक्रोसॉफ्टला विकला. एकेकाळी तीच कंपनीची ओळख होती, त्यामुळे अनेकांना हळहळ वाटली. पण पुढच्याच वर्षी मायक्रोसॉफ्टला या खरेदीपोटी सुमारे ७.६ अब्ज डॉलर निर्लेखित करावे लागले, म्हणजे हिशेबात तोटा म्हणून दाखवावे लागले. घसरणारा व्यवसाय वेळेवर सोडल्याचा लाभ नोकियाच्या भागधारकांना झाला, असे मी निःसंकोच म्हणेन.

व्होडाफोनचे उदाहरण अधिक गुंतागुंतीचे आहे. तिने व्हेरायझन वायरलेस या अमेरिकी मोबाइल कंपनीतील आपला ४५ टक्के हिस्सा तिथली भागीदार व्हेरायझन हिला १३० अब्ज डॉलरना विकला आणि २०१४ मध्ये त्यातील सुमारे ८४ अब्ज डॉलर रोख रक्कम व व्हेरायझनचे समभाग या रूपात भागधारकांना दिले. एवढा मोठा वाटा थेट भागधारकांकडे जाणे दुर्मीळच म्हणावे लागेल. परंतु कमाईचा एक भक्कम स्रोतही त्याबरोबर गेला, आणि पुढे कर्ज व स्पेक्ट्रमवरील (मोबाइल सेवेच्या ध्वनिलहरींवरील) खर्च यांच्या ओझ्याखाली २०१९ मध्ये कंपनीने लाभांश ४० टक्क्यांनी कमी केला. ज्यांनी मिळालेले पैसे स्वतः नीट गुंतवले, त्यांचा हिशेब वेगळा. ज्यांनी केवळ उरलेल्या कंपनीवर भरवसा ठेवला, त्यांचा वेगळा.

म्हणून मला सर्वाधिक चिंता कंपनीतच थांबणाऱ्या रकमेची वाटते. महागडे कर्ज फेडले गेले तर व्याज वाचते आणि ते ताळेबंदात दिसते. कंपनीने स्वतःच्याच समभागांची पुनर्खरेदी केली आणि ती योग्य भावाने झाली तर राहिलेल्या भागधारकांचा वाटा वाढतो, अवाजवी भावाने झाली तर त्यांचेच पैसे बाहेर पडणाऱ्यांकडे जातात. मात्र ‘भविष्यातील संधींसाठी’ एवढेच लिहून पैसा राखून ठेवला, की व्यवस्थापनाला नको त्या खरेदीचा मोह होण्याची भीती असते. त्यातच विकत घेणारा प्रवर्तकांच्या नात्यातला किंवा त्यांच्याच समूहातील असेल, तर स्वतंत्र मूल्यांकन आणि त्या व्यवहारात हितसंबंध नसलेल्या भागधारकांचे मतदान या दोन्ही गोष्टी अनिवार्य असल्या पाहिजेत. विक्रीच्या ठरावासोबत रकमेच्या विनियोगाचा स्पष्ट तपशील आणि मुदत दिलेली नसेल, तर किंमत कितीही आकर्षक असली तरी मी ठरावाच्या विरोधात मत देतो.