तुम्ही विचारलंत म्हणून: सॉफ्टवेअर टाकायला दोन तर कमांड आहेत, स्क्रिप्ट कशाला?

लॅबमधे नवीन आलेला प्रत्येक जण हे विचारतोच, आणि मागच्या आठवड्यात भाच्यानेपण विचारलं, "मावशी, अपडेट मारायचं, इन्स्टॉल मारायचं, संपलं, त्याची स्क्रिप्ट कशाला लिहीत बसतेस?"

पुण्यातल्या एका कॉलेजची कॉम्प्युटर लॅब मी सांभाळते, 42 मशीन आहेत, सगळ्यांवर उबुंटू, म्हणजे विंडोजऐवजी वापरायची लिनक्स सिस्टिम. स्क्रिप्ट म्हणजे कमांड ओळीने लिहून ठेवलेली फाइल, ती चालवली की सगळ्या कमांड आपोआप चालतात. लोकांना वाटतं वेळ वाचावा म्हणून स्क्रिप्ट. वेळ वाचतो, पण मी लिहिते ते वेगळ्या कारणासाठी. प्रॅक्टिकलच्या परीक्षेत कुठल्या मुलाला कुठलं मशीन मिळेल हे त्याच्या हातात नसतं, मग सतरा नंबरवर जे आहे ते अठरावर असलंच पाहिजे ना? हाताने करताना सतराव्या मशीनपाशी फोन येतो, ऑफिसातून बोलावणं येतं, परत येऊन अठरापासून सुरू केलं की सतरावर काय राहिलं ते कुणालाच कळत नाही.

एक प्रसंग सांगते, तो अजून मनातून जात नाही. जुन्या मशीनवर उबुंटू 18.04 होतं, नव्या आलेल्या आठ मशीनवर 20.04. माझी स्क्रिप्ट तीच जुनी, एका ओळीत सगळ्या पॅकेजची, म्हणजे टाकायच्या सॉफ्टवेअरची नावं, शेवटी "झालं" असं छापणारी. आता 20.04 मधे पायथन-पिप (पायथन भाषेच्या लायब्ररी टाकणारं) या नावाचं पॅकेजच काढून टाकलेलं, पायथन दोनचा जमाना संपला म्हणून, त्याजागी पायथन3-पिप. आणि पॅकेज इन्स्टॉल करणारी कमांड ॲप्ट-गेट, तिचं असं आहे की यादीतलं एक जरी नाव सापडलं नाही तरी ती यादीतलं काहीच इन्स्टॉल करत नाही. म्हणजे परीक्षेला लागणारं डेटाबेसचं सॉफ्टवेअर मायएसक्यूएलपण नाही. पण स्क्रिप्ट पुढे गेली आणि "झालं" छापलं, ते मी वाचलं आणि कुलूप लावून घरी गेले. परीक्षेच्या दिवशी सासवडहून रोज बसने येणारी एक मुलगी नेमकी त्या नव्या मशीनवर बसली, घरी लॅपटॉप नाही, जी काय प्रॅक्टिस ती लॅबमधे, आणि समोर कमांड नॉट फाउंड, म्हणजे ही कमांड मशीनवर नाहीच. तिला वाटलं तिचंच काहीतरी चुकतंय. वीस मिनिटं ती तसंच टाइप करत राहिली, कुणाला विचारलंपण नाही.

हाताने केलं असतं तर तो एरर मला डोळ्यांनी दिसला असता, हे मान्य. पण मग तो धडा फक्त माझ्या डोक्यात राहिला असता, आणि मी रजेवर असताना दुसरं कुणी परत तेच केलं असतं. आता तो फाइलमधे आहे. पहिल्याच ओळीत सेट मायनस ई, म्हणजे काही फसलं की तिथेच थांब, पुढे जाऊन झालं म्हणू नकोस. आणि शेवटी प्रत्येक पॅकेज खरंच बसलंय का ते डीपीकेजी मायनस एसने (पॅकेजची स्थिती सांगणाऱ्या कमांडने) विचारायचं, जे नसेल त्याचं नाव मशीन नंबरसकट छापायचं.

असे बाकीचेपण धडे त्यात जमा होत गेले. मधेच टाइमझोन विचारत थांबणारी पॅकेजं असतात, त्यासाठी डेबियन फ्रंटएंड नॉनइंटरॲक्टिव्ह करायचं, म्हणजे प्रश्न विचारू नको असं सांगणारं सेटिंग, पण ते सुडोच्या (ॲडमिनच्या अधिकाराने कमांड चालवणारा शब्द) आधी लिहिलं तर सुडो ते पुढे जाऊच देत नाही, सुडोच्या नंतर लिहायचं, यात माझी एक अख्खी दुपार गेली होती. स्क्रिप्टमधे ॲप्ट (तेच काम करणारी दुसरी कमांड) नाही, ॲप्ट-गेट वापरायचं, कारण ॲप्टचं आउटपुट पुढच्या व्हर्जनमधे बदलू शकतं, ते स्वतःच तशी वॉर्निंग देतं.

आणि गुरुवारची लाइट! मेंटेनन्सला लाइट जाते हे पुण्यात कुणाला सांगायला नको. इन्स्टॉल चालू असताना गेली की पॅकेज अर्धवट लटकतं, म्हणून सुरुवातीलाच डीपीकेजी कॉन्फिगर मायनस ए, ते अर्धवट राहिलेलं पूर्ण करतं. शुक्रवारी सकाळी सगळी मशीन चालू केली की उबुंटू स्वतःच सिक्युरिटी अपडेट करायला घेतं आणि लॉक धरून बसतं, म्हणजे दुसऱ्या कुणाला तेव्हा इन्स्टॉल करू देत नाही, तेव्हा काही जण सरळ लॉकची फाइल उडवतात, प्लीज तसं करू नका, दोघं एकदम लिहायला लागले की पॅकेजच्या नोंदींची वाट लागते. ॲप्ट-गेटला लॉक टाइमआउट 300 द्या, पाच मिनिटं ते शांतपणे वाट बघतं.

भाच्याला म्हटलं, तुझा एकच लॅपटॉप आहे ना, मग मोठी स्क्रिप्ट राहू दे, ॲप्ट-मार्क शोमॅन्युअल (हाताने टाकलेली म्हणून नोंदलेली पॅकेजं दाखवणारी कमांड) चालव आणि जी यादी येईल ती दुसरीकडे कुठेतरी ठेव. त्याने चालवलं, आणि यादीतली अर्धी नावं बघून म्हणाला हे मी कधी टाकलं?

येत्या सोमवारपासून आमच्या प्रॅक्टिकल आहेत. शनिवारी दुपारी 42 च्या 42 मशीनवर तपासणी चालवणार आहे, आणि ती कोरी आली तरी त्या आठ मशीनपाशी एकेक करून बसून मायएसक्यूएल उघडून बघणार आहे.