एएनए ही रक्तचाचणी पॉझिटिव्ह आली, म्हणजे ल्युपस (शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटण्याचा आजार) का?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते: बहुतेक वेळा नाही. पण आधी रिपोर्टमधला 'पॉझिटिव्ह' हा शब्द सोडा आणि शेजारचा आकडा बघा. १:८०? १:६४०? या दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

एएनए म्हणजे स्वतःच्याच पेशींच्या केंद्रकाविरुद्धची प्रतिपिंडं. ती शोधायला काचपट्टीवर एचईपी-२ नावाच्या, प्रयोगशाळेत वाढवलेल्या मानवी पेशींचा थर वापरतात. (घशाच्या कर्करोगातल्या म्हणून नावारूपाला आलेल्या या पेशी मुळात हेला (गर्भाशयमुखाच्या कर्करोगातल्या) पेशीच निघाल्या. चाचणीचं त्यानं काही अडत नाही.) त्यावर पातळ केलेला सीरम (रक्तातला पेशीविरहित द्रव) घालून साधारण अर्धा तास ठेवायचा, बफरनं (धुण्याच्या द्रावणानं) धुवायचं, मग आयजीजी या मानवी प्रतिपिंडाला चिकटणारं, चमकणारा रंग जोडलेलं प्रतिपिंड घालायचं, पुन्हा थांबायचं, पुन्हा धुवायचं. धुणं घाईत उरकलं तर सगळी पट्टीच धूसर हिरवी दिसते. मधेच ती सुकली तर खोटी चमक येते. शिवाय शेवटचा निवाडा सूक्ष्मदर्शकाशी बसलेल्या माणसाच्या डोळ्यांचा, त्यामुळे दोन लॅबमध्ये एका पायरीचा (म्हणजे १:८० ऐवजी १:१६०) फरक पडला तर तो आजार वाढल्याचा पुरावा नव्हे.

१:८० म्हणजे ८० पट पातळ केलेल्या सीरमलाही चमक दिसली. १९९७ मधल्या एका आंतरराष्ट्रीय अभ्यासात निरोगी लोकांपैकी सुमारे ३२ टक्के १:४० ला पॉझिटिव्ह होते, १:८० ला १३ आणि १:१६० ला ५ टक्के. म्हणून नुसता थकवा आहे म्हणून ही चाचणी मागवणं म्हणजे विकतची काळजी.

ल्युपसच्या २०१९ च्या निकषांत १:८० हा फक्त उंबरठा आहे. तो ओलांडल्यावरही पुरळ, सांध्यांची सूज, लघवीतलं प्रथिन, रक्तपेशींची घट, कमी झालेली सी३-सी४ ही रक्तातली प्रतिकार-प्रथिनं, डीएसडीएनए आणि एसएम ही ल्युपसमध्ये आढळणारी प्रतिपिंडं यांचे गुण मोजावे लागतात. हायड्रॅलाझिन, आयसोनायझिड अशा औषधांनीही एएनए पॉझिटिव्ह येते, तेव्हा डॉक्टरांना गोळ्यांची यादी दाखवा.

निगेटिव्ह आली तर ल्युपसची शक्यता फारच कमी. मात्र आरओ नावाची प्रतिपिंडं या पट्टीवर कधीकधी निसटतात. डोळे-तोंड सतत कोरडं पडत असेल तर ती वेगळी तपासायला सांगा.

आणि दर तीन महिन्यांनी एएनए करू नका. आजाराची चढ-उतार तिच्यात दिसत नाही. निदान झालेल्या ल्युपसमध्ये ही चढ-उतार डीएसडीएनए, सी३-सी४ आणि लघवीच्या तपासणीत दिसते.