फॉर्ममध्ये आवाजाला रकाना नव्हता

आर्ट कॉलेजच्या फायनल इयरच्या डिस्प्लेला कुणी इन्स्टॉलेशन (म्हणजे बघणाऱ्याने आत शिरून अनुभवायचं काम) करणार असेल तर त्यांच्यासाठी लिहितेय. आणि खरं सांगू का, डोकं अजून शांत झालेलं नाही म्हणूनही लिहितेय. काम तीन आठवड्यांत तयार झालं, परवानगीच्या फॉर्मला सव्वीस दिवस लागले.

काम असं होतं. वर्गातल्या आठ जणांना हेडफोन दिले, प्रत्येकाने आपलं सगळ्यात आवडतं गाणं लावायचं आणि सोबत गुणगुणायचं, मी फक्त गुणगुणणं रेकॉर्ड केलं. मूळ गाणं कुणालाच ऐकू येत नाही. हेडफोन लावून गाणाऱ्याला स्वतःचा आवाज धड कळत नाही, त्यामुळे सूर हमखास सुटतो, आणि मला तो सुटलेला सूरच हवा होता. मग आठ छोटे स्पीकर, अंधाऱ्या खोलीत छताला तारेने टांगलेले, एकेका स्पीकरमधून एकेक जण.

हे डोक्यात आलं ब्रायन ईनो या ब्रिटिश संगीतकारामुळे. त्याचा १९७८ चा 'म्युझिक फॉर एअरपोर्ट्स' हा अल्बम मी पहिल्या वर्षापासून ऐकतेय. त्यातल्या एका ट्रॅकमध्ये शब्द नाहीतच, नुसते गळ्याचे सूर, आणि प्रत्येक सूर वेगळ्या लांबीच्या टेपच्या लूपवर. एक साडेतेवीस सेकंदांनी परत येतो, दुसरा जवळजवळ सव्वीस, तिसरा तीसच्या आसपास. त्यामुळे तीच जुळणी लवकर परत येतच नाही. माझे आठही लूप मी तसेच मुद्दाम वेडेवाकडे कापले. दुसरी स्फूर्ती म्हणजे जॅनेट कार्डिफ या कॅनडाच्या कलाकाराचं २००१ चं काम, थॉमस टॅलिस या इंग्रज संगीतकाराची सोळाव्या शतकातली ४० आवाजांची रचना, ४० स्पीकर, प्रत्येकातून एक आवाज. मी ते व्हिडिओतच पाहिलंय, आणि व्हिडिओत त्यातलं काहीच हाती लागत नाही, कारण तिथे जाऊन एका आवाजाजवळून दुसऱ्याजवळ चालत जायचं असतं. चित्रासमोर आपण उभे राहतो, इथे आत शिरावं लागतं, आणि कुठे उभे राहतो त्यावर काय ऐकू येतं ते ठरतं. मला इन्स्टॉलेशन आवडतं ते एवढ्यासाठीच.

गाईडनी एका बैठकीत हो म्हटलं. मग ऑफिस.

फॉर्मवर रकाने होते प्रकार, साहित्य, आकार, वजन. प्रकारात चित्र, शिल्प, छायाचित्र, इतर. मी 'इतर'वर टिक केली, साहित्यात लिहिलं 'आवाज' आणि आकारात 'लागू नाही'. तीन दिवसांनी फॉर्म परत. आकार रिकामा ठेवता येत नाही म्हणे. मी ऑफिसातल्या काकांना म्हटलं, काका, रिकामा कुठे आहे, लिहिलंय की. ते म्हणाले, "लागू नाही हा आकार आहे का?" आता यावर काय बोलणार! मग मी एका स्पीकरचा आकार लिहिला. परत आला, कारण 'एका नगाचा आकार नको, संपूर्ण कलाकृतीचा द्या'. मग छताला टांगणार म्हणून इंजिनिअरची सही हवी. आठ स्पीकर, प्रत्येकी ७०० ग्रॅम, मिळून पाच किलो सहाशे ग्रॅम, एवढं तर माझ्या सॅकचं वजन असतं, पण त्या सहीला नऊ दिवस गेले कारण ते सुट्टीवर होते आणि त्यांच्या जागी सही करणाऱ्याला 'टांगणे' या शब्दाचीच भीती वाटली. १९३८ साली पॅरिसच्या प्रदर्शनात मार्सेल द्युशां या फ्रेंच कलाकाराने छताला कोळशाची १२०० पोती टांगली होती, हे मी त्याला सांगितलं. हे सांगू नका. त्याने लगेच विचारलं, आगीचं काय?

इलेक्ट्रिशियनची सही वेगळी, शेजारच्या खोलीत पेंटिंग लावणाऱ्या मुलाची नाहरकत वेगळी. त्याने बिचाऱ्याने लगेच दिली, पण साध्या कागदावर दिली म्हणून तीही परत.

सुटलं कसं, तर चौथ्या खेपेला वैतागून मी आकारात सरळ खोलीचीच मापं लिहिली, लांबी, रुंदी, उंची. काकांनी बघितलं, मान डोलावली, शिक्का मारला. जाम हसू आलं मला, कारण थिअरीच्या पेपरात मी हेच लिहून आले होते की इन्स्टॉलेशनमध्ये खोली ही जागा नसते, खोलीच कलाकृती असते. काकांना ते माझ्या आधी कळलं होतं असं म्हणायचं का? नाही, मी एवढी उदार नाहीये.

तर तुम्ही पहिल्याच दिवशी खोलीची मापं लिहा. फॉर्म दिल्याची तारखेसह पोच घ्या, माझा एक फॉर्म 'आलाच नाही' होता. वजन आधीच करून ठेवा. हो, आणि स्पीकर कानाच्या उंचीला लावा, मी आधी शोभेसाठी वर टांगले होते आणि सगळ्यांचा मिळून एकच गोंगाट व्हायला लागला, खाली आणल्यावर माणसं वेगळी झाली. अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण ६ डेसिबलने उतरतो (मोकळ्या जागेत, बंद खोलीत भिंती घोळ घालतात), म्हणून आवाज बारीकच ठेवा, म्हणजे लोक आपणहून जवळ जातात. खर्ज फिल्टरने कापून टाका, भिंतीतून पलीकडे जातो तो तोच, आणि नाहरकत देणारा मुलगा तिकडेच बसलेला असतो. एक्स्टेंशन बोर्ड स्वतःचा न्या.

एक राहिलं. साहित्याच्या रकान्यातला माझा 'आवाज' काकांनी लाल पेनाने खोडून 'स्पीकर – ८ नग' केला होता, आणि दाराबाहेरचं लेबलही तसंच छापून आलं. आधी बदलून मागणार होते. मग पहिल्याच दिवशी एक बाई आत डोळे मिटून वीसेक मिनिटं एकाच स्पीकरपाशी उभी राहिली, बाहेर आली, लेबल वाचलं आणि मला विचारलं, "यातला पाचवा नग कोण आहे हो?"

लेबल तसंच ठेवलं.