लोअर गाडीचा नवा बुश चार महिन्यांत का फाटतो

नवीन लोअर आर्म (चाकाला बॉडीशी जोडणारा खालचा दांडा) टाकला, अलाइनमेंट केलं आणि चार महिन्यांत ब्रेक मारला की खालून पुन्हा ‘खट्’. लोअर केलेल्या, म्हणजे स्प्रिंग आखूड करून खाली बसवलेल्या गाड्यांची ही नेहमीची तक्रार. शिव्या पार्टला बसतात. पण बहुतेक वेळा पार्ट बरा असतो, बोल्ट चुकीच्या वेळी आवळलेला असतो.

बुश म्हणजे आर्म आणि बॉडीमधला रबरी सांधा. लोअर आर्मच्या बुशमधलं रबर आतल्या आणि बाहेरच्या नळीला चिकटवलेलं असतं. बोल्ट आवळला की आतली नळी बॉडीला जखडते. त्यानंतर आर्म वर-खाली होतो तो फक्त रबराला पीळ पडून. गाडी जॅकवर आणि चाक हवेत लोंबकळत असताना बोल्ट टाइट केला, की रबराची ‘मधली’ जागा तीच ठरते. गाडी खाली उतरली की पीळ पडतो आणि तो गाडी उभी असतानाही सुटत नाही. लोअर गाडीत हा पीळ आणखी मोठा. आर्म ३०० मिमी लांब आणि गाडी ४० मिमी खाली बसवलेली धरली, तर साडेसात अंश जास्तीचे. त्यात रोजचे खड्डे. म्हणून गाडी लोअर केली त्याच दिवशी जुने बुशबोल्टही ढिले करून नव्या उंचीवर आवळायला हवेत. हे काम जवळजवळ कुणीच करत नाही.

दुसरं कारण म्हणजे उरलेला प्रवास. समजा मूळ गाडीत चाकाला वर जायला ८० मिमी जागा होती आणि ४० मिमी गाडी बसवली. जागा निम्मी राहिली. तेवढाच धक्का निम्म्या अंतरात जिरवायचा तर स्प्रिंग चौपट कडक लागते. सहा कामाच्या वेढ्यांतला एक वेढा कापला तर स्प्रिंग फक्त वीस टक्के कडक होते. उरलेला धक्का बंप स्टॉपवर (चाक फार वर गेलं की अडवणाऱ्या मऊ ठोकळ्यावर) आदळतो आणि तिथून शॉकअपचा व्हॉल्व्ह, वरचं माउंटिंग, बॉल जॉइंट (आर्मच्या चाकाकडच्या टोकाचा गोल सांधा) असा एकेक जण जातो. सांगली भागात हे लवकर घडतं, कारण खाली काळी माती. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते आणि वरचं डांबर लाटांसारखं होतं. खड्डा दिसतो, लाट दिसत नाही. ऐंशीच्या वेगात दुसऱ्या-तिसऱ्या लाटेला गाडी पूर्ण दबते. गतिरोधकांचंही तेच. नियमातला गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंमी उंच असतो. गावातल्या फूटभर रुंदीच्या उंचवट्याला तो हिशोब लागू नाही.

स्प्रिंग गॅसवर तापवून आखूड केली असेल तर पुढचं वाचण्याआधी ती काढून टाका. तापवल्यावर पोलादाचं पाणी जातं आणि ती कधी तुटेल ते सांगता येत नाही.

आता आवाज. लहान खडीवर ‘खडखड’ असेल तर आधी लिंक रॉड, म्हणजे गाडी झुकू न देणाऱ्या स्टेबिलायझर बारचा जोडदांडा. उभ्या गाडीत स्टिअरिंग फिरवताना स्प्रिंग ‘टण्ण’ करून उडत असेल तर स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉकअपची एकत्र जोडणी) माउंटिंगचं बेअरिंग, किंवा कापलेल्या स्प्रिंगचं टोक खालच्या वाटीतल्या खाचेत नीट बसलेलं नाही. ब्रेक लावताना एकच ‘खट्’ म्हणजे आर्मचा मागचा बुश. चाक हवेत घेऊन वर-खाली हलवलं आणि खेळ जाणवला तर बॉल जॉइंट किंवा व्हील बेअरिंग, डावी-उजवीकडे जाणवला तर टाय रॉड एंड किंवा रॅक एंड, म्हणजे स्टिअरिंगचे सांधे. टायर फक्त आतल्या कडेला झिजला असेल तर सगळा दोष कॅम्बरला (समोरून दिसणाऱ्या चाकाच्या तिरकेपणाला) देऊ नका. लोअर केल्यावर बिघडलेला टो (वरून पाहिल्यास चाकं आत-बाहेर वळलेली असणं) टायर जास्त वेगाने खातो.

खोलण्याआधी सपाट जागेवर चारही चाकांच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर मोजून लिहून ठेवा. पुढे हाच आकडा लागणार आहे. जॅक खाली जात नसेल तर आधी चाकं ४०-५० मिमीच्या फळीवर चढवा. मागच्या चाकांना उटी, म्हणजे अडसर लावा आणि पुढच्या दोन्ही बाजू स्टँडवर घ्या. एकच बाजू उचलली तर स्टेबिलायझर बार ताणलेला राहतो आणि लिंक रॉड सुटताना झटका देतो. लिंकचा नट फिरवताना आतली पिन सोबत फिरते, ती ॲलन कीने धरावी लागते.

ब्रेकचा होज आणि एबीएसची वायर स्ट्रटवरून सोडवा. स्ट्रटच्या खालच्या दोन बोल्टांची जागा रंगाने खुणावून घ्या. ते काढण्याआधी नकलखाली (चाक धरणाऱ्या भागाखाली) जॅक लावा, नाहीतर नकल बाहेर झुकून आतला ड्राइव्ह शाफ्ट जॉइंट निसटतो आणि वजन होजवर येतं. वरचे माउंटिंगचे नट शेवटी, स्ट्रट हाताने धरून. मधला मोठा नट गाडीवर असताना पूर्ण काढायचा नाही.

स्प्रिंग छोटी आहे, तिच्यात जोर नसणार असं समजून कंप्रेसर न लावता तो नट खोलणं जिवावर बेतू शकतं. दोन हुक समोरासमोर लावा, दोन्ही बाजू आलटून पालटून थोड्या थोड्या आवळा, आणि हे हातपान्यानेच, इम्पॅक्ट गन नको. शॉकअपचा चकचकीत दांडा पकडीत धरू नका. एक ओरखडा पडला तरी सील कापतं आणि तेल गळतं. नवा शॉकअप उभा धरून तीन-चार वेळा पूर्ण दाबा-सोडा, मग बसवा. शॉकअप नेहमी जोडीने बदलायचे. माउंटिंग, बेअरिंग, बंप स्टॉप आणि धूळरबर त्याच वेळी. बंप स्टॉप आखूड करायला स्प्रिंगच्या कंपनीने सांगितलं असेल तर सांगितलं तेवढाच, आणि जाड बाजूने. निमुळतं टोक पहिला धक्का मऊ घेतं, ते ठेवायचं.

आर्म काढताना बॉल जॉइंटचा बोल्ट ढिला करून भागत नाही, पूर्ण बाहेर काढावा लागतो, कारण तो पिनच्या खाचेतून जातो. नुसता बुश बदलायचा असेल तर प्रेस असलेल्या टर्नरकडे न्या. हातोड्याने ठोकलेला बुश तिरका बसतो. मागच्या बुशमध्ये पोकळी असते, तिची दिशा जुन्याशी जुळवा. घालताना साबणाचं पाणी वापरा, साधं ग्रीस रबर फुगवतं. पॉलीयुरेथेन बुशला त्याचंच सिलिकॉन ग्रीस लागतं. आतली नळी मोकळी फिरत असेल तर त्याला पिळाचा प्रश्नच नाही.

आता मुख्य काम. बुशचे बोल्ट हाताने बसवून ठेवा. बॉल जॉइंटजवळ आर्मखाली जॅक लावून सावकाश उचला, चाकाचा मध्य ते मडगार्ड हे अंतर आधी लिहिलेल्या आकड्याइतकं होईपर्यंत. स्प्रिंग बदलली असेल तर नव्या उंचीइतकं. गाडी स्टँडवरून सुटू देऊ नका. त्याच जागी टॉर्क पान्याने, सर्व्हिस मॅन्युअलमधल्या आकड्यावर आवळा. खड्डा किंवा रॅम्प असेल तर गाडी चाकांवर उभी करून आवळणं आणखी सोपं. सेल्फ-लॉक नट नवेच घाला.

मागे टॉर्शन बीम (दोन्ही चाकं जोडणारी एकच आडवी तुळई) असेल तर काम सोपं. फक्त बीमला आधार द्या आणि चाक लोंबकळताना स्प्रिंग सैल पडते का ते बघा. सैल पडत असेल तर ती उसळीत जागा सोडणार, म्हणजे तो स्प्रिंग-शॉकअपचा जोड चुकीचा आहे. एबीएस नसलेल्या काही जुन्या गाड्यांत मागच्या एक्सलला भार ओळखणारा ब्रेक व्हॉल्व्ह असतो. गाडी बसली की त्याला वाटतं मागे माणसं बसली आहेत, आणि तो मागच्या ब्रेकला जास्त दाब देतो. पावसात मागची चाकं आधी लॉक होतात. त्याचा रॉड जुळवून घ्या.

शेवटी शॉकअपच्या दांड्यावर एक केबल टाय सैलसर अडकवून खाली सरकवून ठेवा. धूळरबर असेल तर ते वर सरकवून. रोजच्या रस्त्यावर फिरून या. टाय दांड्यावर जिथवर सरकला तिथवर चाक गेलं. तो बंप स्टॉपमध्ये खोलवर पोचला असेल तर स्प्रिंग कडक घ्या किंवा गाडी १०-१५ मिमी वर घ्या, त्याशिवाय नवे पार्ट टिकणार नाहीत. शंभर किलोमीटरनंतर सगळे बोल्ट तपासा आणि मगच अलाइनमेंट करा, आधी स्टिअरिंग सरळ आणि नंतर टो. हेडलाइटची उंचीही त्याच दिवशी जुळवा, गाडी बसली की झोत जवळ पडतो.