फांद्यांचा ढीग, परवानगी आणि एक रकाना : माझा अनुभव

वादळात आडवी झालेली दोन झाडं, त्यांच्या फांद्या आणि दोन वर्षं हात न लावलेली झुडपं, असं सगळं साठून घरामागे जो ढीग झाला तो माझ्या डोक्यापेक्षा उंच गेला होता. तोडणं, ओढणं, चेनसॉ आणणं यात सांगण्यासारखं काही नाही, चार-पाच सुट्ट्यांत झालं ते. मी लिहितोय ते जाळायच्या परवानगीच्या फॉर्ममधल्या एका रकान्याबद्दल, कारण त्या रकान्यापायी माझे जवळजवळ दोन महिने गेले आणि अजूनही आठवलं की डोकं तापतं.

रकाना असा होता, 'ढिगाचे आकारमान (घनमीटर)'. बस्स, एवढंच. मी टेप घेऊन गेलो, लांबी ८ मीटर, रुंदी ५, उंची ३ भरली, गुणाकार केला, १२० लिहिलं आणि फॉर्म दिला. आठवड्याने विचारायला गेलो तर खिडकीतल्या मॅडम म्हणाल्या, "तुमचं शंभरच्या वर आहे, मोठ्या ढिगात गेलंय, साहेब जागेवर येऊन बघतील." म्हटलं कधी येतील? तर "कळवू". आता हे कळवू म्हणजे काय ते ज्याने ऑफिसांत खेटे घातलेत त्याला सांगायला नको. तीन आठवडे फोन नाही, काही नाही. परत गेलो तेव्हा कळलं की फाइल आहे पण ती बघायची कोणी, हे अजून कोणाच्या नावावर चढवलेलंच नाही.

आणि या तीन आठवड्यांत हवा कशी होती माहितीये? कोरडी, वारा जवळजवळ नाही, जाळायला याहून चांगले दिवस मिळत नाहीत. मी रोज सकाळी उठून ढिगातली एक काडी मोडून बघायचो, पेन्सिलीएवढी जाड, कट्‌कन आवाज यायचा म्हणजे वाळलीय. मग पाऊस आला. चार दिवस पडला आणि पाचव्या दिवशी तीच काडी हातात वाकली, मोडलीच नाही, साल बोटांखाली गिळगिळीत लागत होती. त्या दिवशी मला खरंच रडू यायचं बाकी होतं.

(इथेच सांगून टाकतो नाहीतर विसरेन, ढिगाच्या वरच्या मधल्या भागावर ताडपत्री टाकून दगड ठेवा. सगळा ढीग झाकायची गरज नाही, मधला गाभा कोरडा राहिला की बाकीचं त्याच्या आगीवर वाळत पेट घेतं. पेटवायच्या आधी ताडपत्री काढायची, प्लास्टिक आगीत जाता कामा नये. मला हे पावसानंतर कळलं.)

शेवटी साहेब आले. माणूस चांगला होता, त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. ढिगाभोवती एक फेरी मारली, फॉर्म बघितला आणि म्हणाले, "हे १२० कुठून आणलंत? तुमचा ढीग खोका नाहीये, घुमट आहे." म्हणजे वर निमुळता, कडेने उतरता. अशा ढिगाला लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची करून जे येतं त्याला अजून ०.५२ ने गुणायचं. केलं तर ६२ आले. ६२! म्हणजे माझा ढीग मोठ्या वर्गात कधी नव्हताच, तपासणीही लागत नव्हती, छोट्याची परवानगी त्याच आठवड्यात मिळाली असती. वर त्यांनी सांगितलं की त्या ६२ मध्येही खरं लाकूड साधारण १० ते २५ टक्केच असतं, म्हणजे ६ ते १६ घनमीटर, बाकी सगळी हवा. मला राग कशाचा आला तर ही एक ओळ त्या फॉर्मवर छापायला काय जातं? सामान्य माणूस टेपने मोजतो आणि तीन आकडे गुणतो, दुसरं काय करणार? आणि एवढं सांगूनही त्याच फॉर्मवर आकडा खोडून चालणार नव्हता, नवा अर्ज, नवी रांग, आणखी नऊ दिवस. तेव्हा तुम्ही मोजणार असाल तर आधी ढिगाचा आकार बघा, शक्य असेल तर फोटो जोडा आणि गुणाकार कसा केला तेही बाजूला लिहा.

एक मात्र झालं, त्या वाट बघण्यात ढीग निम्मा झाला. जाडे ओंडके सरपणाला वेगळे काढून फोडून रचले, ते नीट वाळायला सहा महिने ते वर्षभर लागतं. ज्या फांद्या अजून हिरव्या होत्या त्या चिपरमध्ये, म्हणजे फांद्यांच्या ढलप्या करणाऱ्या मशीनमध्ये घातल्या, त्या जास्त वाळू देऊ नका, ओल्या असताना मशीन सहज ओढतं. त्या ढलप्या झाडांखाली ५ ते १० सेंटीमीटर पसरल्या, बुंध्याला न चिकटवता. मातीत मिसळू नका मात्र, कुजताना मातीतला नत्र ओढून घेतात, वरच ठेवल्या तर काही होत नाही. ढिगात जुन्या कुंपणाचे हिरवट झाक असलेले खांबही होते, ते मी बाजूला काढले. तसल्या लाकडाला पूर्वी तांबं, क्रोमियम आणि आर्सेनिकचं औषध मारायचे, जाळलं की आर्सेनिक धुरात आणि राखेत येतं.

परवानगी मिळाली तरी जाळायच्या दिवशी सकाळी फोन करून वारा विचारायचाच होता. मी ढीग जागेवर पेटवला नाही, आदल्या दिवशी तीन छोटे ढीग करून बाजूला उघड्या मातीवर हलवले आणि भोवती गवत खरवडून जाळरेषा काढली. हलवलं म्हणून बरं झालं, सगळ्यात खालच्या ओंडक्याखाली ओल्या सालीला चपटा चिकटून एक बेडूक बसला होता, मातीच्याच रंगाचा, श्वासाने गळा हलत होता म्हणून दिसला. दोन्ही हातांनी उचलून दूर दगडांत सोडला.

पेटवायचं वरून, खालून नाही. वरून पेटवलं की ज्वाळा खालच्या लाकडाचा धूर खातात, धूर खरंच खूप कमी झाला. पेट्रोल अजिबात नको, त्याची वाफ भडकते आणि माणूस भाजतो. संध्याकाळी राख पांढरी, थंड दिसत होती, फावड्याने उलटली तर आत लाल निखारे. पाणी ओतलं, ढवळलं, परत ओतलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी उलटा हात राखेजवळ नेऊन धग लागत नाही ना ते बघितलं. एका ठिकाणी लागली, तिथे अजून दोन बादल्या.

जागा आता मोकळी आहे. परवा परत त्या ऑफिसात गेलो होतो, रकान्याखाली 'ढीग घुमटासारखा असल्यास गुणिले ०.५२' एवढं छापा असा लेखी अर्ज दिलाय. पोच घेतली, तारीख आणि शिक्क्यासकट.