चारपर्यंत

दुपारी घरात कुणी नव्हतं, म्हणून ध्यानाला बसले. सकाळचं काही खरं नाही, हे तीन आठवड्यांत पुरतं कळलंय. पहाटे डोळे मिटले की ध्यान कुठे संपलं नि डुलकी कुठे लागली, ते मान खाली आदळल्यावरच समजतं. फोनवर दहा मिनिटं लावली, तो पालथा ठेवला, मांडी घातली. श्वास मोजायचे, एक ते दहा. मग पुन्हा एकपासून. मध्ये मन भरकटलं तरी एकपासून.

चारपर्यंत गेले. मग पंख्याची कुरकुर ऐकू आली. मग पंखा पुसायचा राहिलाय हे आठवलं, मग स्टूल कुणी नेलं ते, आणि मग एकदम लक्षात आलं की मी सतरावर आहे. मोजणी चालू होती, मोजणारी बाहेर गेली होती.

'श्वास सहज चालू द्या' असं सांगणाऱ्यांशी माझं जुनं भांडण आहे. लक्ष नव्हतं तोवर सहजच चालला होता की! लक्ष दिलं रे दिलं, की तो पाहुण्यांसमोर कविता म्हणायला उभ्या केलेल्या पोरासारखा अवघडतो. माणूस मिनिटाला साधारण १२ ते २० श्वास घेतो म्हणतात. म्हणजे दहा मिनिटांत कमीत कमी १२० तर झालेच. त्यातले ओळीनं दहासुद्धा मोजता येऊ नयेत?

सवय लागायला सरासरी ६६ दिवस लागतात, असं लंडनच्या एका अभ्यासात निघालं होतं. २०१० सालची गोष्ट. कुणाला १८ पुरतात, कुणाला २५४. मी कुठल्या टोकाची ते सांगायला नकोच. एखादा दिवस चुकला तर फारसं बिघडत नाही, असंही त्यात आहे; हे वाक्य मला तोंडपाठ आहे. पण तो अभ्यास पाणी पिणं, फळ खाणं, व्यायाम असल्या सवयींचा. पाणी पिताना पायाला मुंग्या येत नाहीत. इथे सहाव्या मिनिटाला नस दबते, डावा पाय परका होतो आणि उरलेली चार मिनिटं मी त्या पायाचंच ध्यान करते.

तशी मी लहानपणी यात पटाईत होते. दुपारी आजोबांशेजारी निजायची सक्ती असायची; हलायचं नाही, बोलायचं नाही. झोप येत नसे, मग मी त्यांच्या पोटाकडे बघत पडायचे. बनियनचं एक छोटं भोक वर जायचं, खाली यायचं. त्यांच्या लयीत श्वास घ्यायला गेले की मला धाप लागायची, म्हणून नुसती मोजायचे. बावीस, तेवीस, चोवीस. कधी भोक खाली जायचं आणि वर यायचंच नाही. मीही श्वास धरून ठेवायचे. मग घशात काहीतरी घरघरायचं, आणि भोक वर. पंचवीस.

तेव्हा आकडा कधी चुकला नाही. चुकवून चालणार नव्हतं. मी मोजायची थांबले तर ते थांबतील, अशी माझी खात्री होती.

फोन वाजला. कितीवर होते, विचारू नका.