चौदा पॉइंट एक

शुगरचं मशीन खपवायला मेडिकलवाल्याला फारसे कष्ट पडत नाहीत. कंपनीची ऑफर असते, बरोबर रक्ताचा थेंब घ्यायच्या दहा-पंचवीस पट्ट्या फुकट असतात, आणि पुण्याहून सुट्टीला आलेला मुलगा आईवडिलांसाठी एखादं घेऊनच जातो. रड सुरू होते ती त्या फुकटच्या पट्ट्या संपल्यावर. "ताई, मशीनपरीस पट्ट्याच महाग कशा वो?" हे आमच्या काउंटरवर रोज कुणीतरी विचारतंच. एका कंपनीची पट्टी दुसरीच्या मशीनला चालत नाही, त्यामुळे एकदा मशीन घेतलं की त्याच पट्टीला बांधलं गेलं. धंद्याची खरी खोच तिथंच आहे.

दुकान सासऱ्यांनी काढलेलं, लायसन्स माझ्या नावावर. निपाणी कर्नाटकात, पण महाराष्ट्राच्या सीमेला लागून. इथं मेडिकल चालवायचं म्हणजे कोल्हापूर, गडहिंग्लज, चिकोडी, बेळगाव अशा चारी दिशांच्या डॉक्टरांच्या चिठ्ठ्या वाचता आल्या पाहिजेत. पट्ट्यांना मात्र चिठ्ठी लागत नाही. इन्सुलिनला लागते, पट्ट्या कुणीही मागाव्यात आणि आम्ही द्याव्यात. कुणाला किती लागतात हे मग खिसा ठरवतो.

हे मी आज सांगतेय ते त्या बाजाराच्या दिवसामुळे. सकाळची गर्दी नुकतीच सुरू झालेली. चाळिशीतला एक माणूस रांग मोडून पुढं आला. "ताई, ग्लुकोजची पुडी द्या, दोन द्या. आईची शुगर पार उतरलीया. चौदावर आलीया."

चौदा म्हटल्यावर माझा हात पुडीकडे गेला आणि तिथंच थांबला. सत्तरच्या खाली शुगर म्हणजे कमी. पन्नासच्या खाली माणूस घामाघूम होतो, हातपाय थरथरतात, बरळायला लागतो. चौदाला माणूस बसून राहत नाही. शिवाय बरीच मशिनं वीसच्या खाली आकडा दाखवतच नाहीत, 'लो' एवढंच दाखवतात.

"आई कुठं आहे?"

"ती काय, रिक्षात. रात्री शिरा चारला, सकाळी गूळ दिला, साखरपाणी पाजलं. मगाशी बघितली तर सोळा! चढंनाच झालीया."

रिक्षात आक्का बसल्या होत्या. वय सत्तरच्या पुढं, सगळा जन्म तंबाखूच्या वखारीत गेलेला. घाम नाही, थरथर नाही. उलट लेकाला शिव्या देत होत्या. "रातीपासनं ग्वाड चारून चारून जीव घ्यायला लागलाय. ताई, पाणी दे गं, नरडं सुकलंय." रात्रभर पाण्याचा तांब्या आणि मोरी असं चाललं होतं, हे सुनेनं हळूच सांगितलं. तहान आणि सारखी लघवी ही उतरलेल्या शुगरची लक्षणं नव्हेत.

"मशीन आणलंय का?"

आणलं होतं. छान काळं, छोटं, आमच्याकडे कधी न आलेलं मॉडेल. मेमरीत मागं जाऊन पाहिलं: १६.४, त्याआधी १४.१, आदल्या रात्री ११.२. आकड्यांमध्ये दशांश चिन्ह होतं आणि खाली बारीक अक्षरात एकक होतं, मिलिमोल. मशीन इंग्लंडचं होतं.

आपल्याकडे शुगर मिलिग्रॅममध्ये मोजतात, ब्रिटनमध्ये मिलिमोलमध्ये. त्यांच्या आकड्याला १८ ने गुणलं की आपला आकडा येतो. चौदा पॉइंट एक म्हणजे २५४. शिरा, गूळ आणि साखरपाण्यानंतरचे सोळा पॉइंट चार म्हणजे २९५. वर शुगर कमी आहे म्हणून रात्रीचं आणि सकाळचं, दोन्ही वेळचं इन्सुलिन चुकवलेलं.

लेकाला ओरडावंसं वाटलं नाही. मागं एकदा आक्का खरोखरच शुगर उतरून न्हाणीत पडल्या होत्या, तेव्हा डॉक्टरांनी त्याला बजावलं होतं की आकडा कमी दिसला तर आधी साखर द्यायची. आकडा खरा असता तर त्यानं केलं ते अगदी बरोबर होतं.

आमच्या दुकानातल्या मशीनवर लगेच तपासलं. आकडा आला ४१२. सून घाबरली. मी आक्कांचा हात हातात घेतला तर बोटं चिकट. गूळ! नळावर साबणानं हात धुतले, कोरडे पुसले, दुसऱ्या बोटाचा थेंब घेतला. ३१८. बोटाला लागलेला गोडाचा कण रक्ताच्या थेंबात मिसळला की मशीनला तो रक्तातलाच वाटतो. स्पिरिटचा बोळा फिरवून भागत नाही, पाण्यानं हात धुणंच खरं. तेही बोट पूर्ण सुकल्यावरच टोचायचं.

३१८ ही काही मेडिकलवाल्यानं निस्तरायची गोष्ट नव्हे. त्यांच्या डॉक्टरांना फोन लावून इन्सुलिनच्या चुकलेल्या वेळा सांगितल्या आणि रिक्षा तिकडं वळवली. डॉक्टरांनी लघवीतलं कीटोन (इन्सुलिन कमी पडलं की अंगात साठतं ते) तपासलं, संध्याकाळपर्यंत ठेवून घेतलं आणि रात्री घरी सोडलं.

मशीन कुठनं आलं ते दुपारी कळलं. आक्कांची लेक इंग्लंडला असते. आई न्हाणीत पडल्याचं ऐकून तिनं गावाकडं येणाऱ्या ओळखीच्या माणसाबरोबर मशीन आणि पट्ट्यांच्या दोन डब्या पाठवल्या. मशीन जावयाचं जुनं. त्याला इन्सुलिन आहे, त्यामुळं पट्ट्या तिथल्या डॉक्टरच्या चिठ्ठीवर, एक पैसा न देता मिळतात. लेकीचा फोन आला तेव्हा ती रडत होती. तिकडं सगळे चार, सात, दहा असंच बोलतात, त्यामुळं आकड्यांचं सांगायचं तिच्या डोक्यातच आलं नाही.

बोलता बोलता तिनं स्वतःचं गाऱ्हाणं काढलं. शुगर तिलाही आहे, पण ती फक्त मेटफॉर्मिनच्या गोळीवर. नवऱ्याला चिठ्ठीवर पट्ट्या मिळतात, तिला नाही. डॉक्टर म्हणतात, तुम्हाला रोज बोट टोचायची गरज नाही, तीन-सहा महिन्यांनी एचबीए१सी (मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर सांगणारी रक्ततपासणी) करू. हवं असेल तर विकत घ्या. तिथला नियमच आहे: इन्सुलिनवाल्याला, शुगर उतरू शकते अशा गोळ्या घेऊन गाडी चालवणाऱ्याला, गरोदर बाईला पट्ट्या द्यायच्या, टाइप टू मधुमेह असलेल्या सरसकट सगळ्यांना नाही. तिला तो कंजूषपणा वाटत होता. मला मात्र त्यात तथ्य वाटलं. नुसत्या मेटफॉर्मिननं शुगर सहसा धोकादायक उतरत नाही. ग्लिमेपिराइडच्या गोळीनं उतरते, इन्सुलिननं उतरते. पट्टी लागते ती यांना.

आणि आमच्या काउंटरवर नेमकं उलटं चालतं. बँकेतून रिटायर झालेले एक काका आहेत, एकच मेटफॉर्मिनची गोळी, पण दिवसातून चारदा तपासतात. इडली खाल्ली की तपास, फिरून आले की तपास, वहीत रंगीत आलेख. मी त्यांना सांगून पाहिलंय. ते हसतात आणि डबी घेऊन जातात. इन्सुलिन घेणाऱ्या आक्कांकडे मात्र इंग्लंडहून येईपर्यंत मशीनच नव्हतं.

हिशेब बघा. पट्टीला कंपनीप्रमाणे दहा ते पंचवीस रुपये पडतात. वीस धरले आणि दिवसाला दोन वापरल्या तर महिन्याला बाराशे. आक्कांची कर्नाटक सरकारची म्हाताऱ्या माणसांसाठीची संध्या सुरक्षा पेन्शनही बाराशेच. सरकारी दवाखान्यात शुगर फुकट तपासतात, आक्कांचं तिथलं कार्डही आहे (सगळे आकडे तीन अंकी, तेच दाखवून मी लेकाला समजावलं). पण घरी न्यायला पट्ट्या मिळाल्याचं माझ्या एकाही गिऱ्हाइकानं आजवर सांगितलेलं नाही. लेकानं विचारलं, महाराष्ट्रानं २०२३ मध्ये सीमाभागातल्या ८६५ गावांना महात्मा फुले जनआरोग्य योजना लागू केली, तिच्यात बसेल का? ती योजना दवाखान्यात भरती झाल्यावरच्या उपचारांसाठी. घरच्या पट्ट्या तिच्यात येत नाहीत. सीमेच्या दोन्ही बाजूंच्या योजना कोळून प्यालेला माणूस, पण पट्टीपुढं त्यानंही हात टेकले.

इंग्लंडच्या मशीनचं काय करायचं? सेटिंगमध्ये एकक बदलतंय का ते मी खटपट करून पाहिलं. बदलत नव्हतं, कंपनीतनंच पक्कं करून येतं. अठरानं गुणा, असं सांगता आलं असतं. पण पहाटे आईचा जीव घाबरा झाल्यावर कोण गुणाकार करत बसणार? शिवाय त्या मॉडेलच्या पट्ट्या आमच्या स्टॉकिस्टकडे नाहीत. मी त्यातली बॅटरी काढून मशीन परत दिलं.

इथलं साधं मशीन सुनेनं घेतलं, सरकारकडून बायकांना महिन्याला मिळणाऱ्या स्वतःच्या गृहलक्ष्मीच्या पैशातनं. सासूबद्दल तक्रार करत, पण घेतलं. रोज दोनदा परवडणार नाही हे डॉक्टरांनाही पटलं. त्यांनी आड दिवसानं लिहून दिलं: एकदा सकाळी उपाशीपोटी, पुढच्या वेळी रात्रीच्या जेवणाआधी. आणि घाम सुटला, गरगरलं तर वार न बघता लगेच. डबीवर मी उघडल्याची तारीख पेननं घातली, कारण उघडल्यावर पट्ट्यांची मुदत वेगळी धरायची असते, काहींची तीन महिने, काहींची सहा.

लेकीनं विचारलं, तिकडनं आणखी पट्ट्या पाठवू का? म्हटलं, त्या तुमच्या नवऱ्याच्या नावावर आलेल्या, त्यांनाच वापरू देत. तुम्ही डबीचे पैसे पाठवा.

पैसे भावाच्या खात्यावर आले. डबी न्यायला आला तेव्हा त्याचं पहिलं वाक्य: "ताई, सुट्ट्या धा द्या की, संपल्या की परत नेतो." गोळ्यांची पाकिटं आम्ही कापून देतो, त्यामुळं हे सगळेच मागतात. पण डबीच्या आत दमट हवा शोषून घेणारं द्रव्य असतं. तिथनं पट्ट्या काढून प्लास्टिकच्या पिशवीत घातल्या की त्यावरचं रसायन बिघडतं आणि आकडा भलताच येतो. निपाणीच्या पावसाळ्यात तर बोलायलाच नको. पुन्हा भलत्या आकड्यावर आक्कांना गूळ चारायचा आहे का, असं विचारल्यावर त्यानं अख्खी डबी घेतली. बिल बघून पाच टक्के जीएसटी कशाला म्हणून हुज्जत घातलीच. सप्टेंबर २०२५ च्या आधी तो बारा टक्के होता, हे सांगितल्यावर म्हणाला, "मग आधी सांगायचं न्हाई का, आणि वाईस कमी करा."